खिडकी मागण्यापूर्वी वाचावयाचे नियम

दिल्लीत मराठी माणसाने जागा कशी निवडावी, याचा धडा हिंदूराव घाटग्यांनी घालून दिला आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे हे कागलकर बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५मध्ये खून झाल्यावर रिज या टेकडीवरची त्याची कोठी यांनी घेतली. तिथून शहर असं उघडं दिसायचं, की १८५७च्या वेढ्यात इंग्रजांनी तीच कोठी हट्टाने धरून ठेवली. आज तिथे हिंदूराव रुग्णालय आहे. तात्पर्य, आधी काय पाहायचं ते ठरवावं, मग बूड टेकावं. विमानाचं तिकीट काढताना आपण नेमकं उलटं करतो. खिडकी मिळाली की जग जिंकलं. डावी की उजवी, हे नशिबावर.

वास्तविक शास्त्र सोपं आहे. दिल्लीहून काठमांडू, बागडोगरा, गुवाहाटीकडे जाताना डावी बाजू, म्हणजे 'ए', परतताना उजवी. हिमालय उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे, त्यामुळे बर्फ उजळतो आणि ऊन पलीकडच्या रांगेच्या डोळ्यांत जातं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीचा धुरकट थर एकदाचा खाली राहिला, की काठमांडूच्या वाटेवर धौलागिरी, अन्नपूर्णा आणि बागडोगऱ्याच्या वाटेवर एव्हरेस्ट, मग कांचनजंगा. एव्हरेस्ट ८,८४९ मीटरचं खरं, पण अलीकडचं मकालूच जास्त भाव खातं. नवखे त्याचेच फोटो एव्हरेस्ट म्हणून पाठवतात. यावर आक्षेप येतो, की वैमानिक मार्ग बदलतात. बदलू देत. वारा पाहून धावपट्टी बदलते, उतरताना घिरटीही घालावी लागते. हिमालय मात्र बाजू बदलत नाही. दिल्लीहून मुंबई-पुण्याच्या वाटेवर असा डोंगर नाही, तिथे सूर्याला विचारावं: जाताना सकाळी उजवी, संध्याकाळी डावी. मधल्या रांगा टाळाव्यात, नाहीतर दीड-दोन तास पंख पाहावा लागतो. बोइंग ७३७मध्ये तर वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, तिथल्या एखाद्या खिडकीच्या सीटला खिडकीच नसते. भिंत मिळते, तीही जादा पैसे भरून.

पण शास्त्र पाळूनही देखावा हुकतो, कारण योग्य बाजूची खिडकी बहुधा चुकीच्या माणसाकडे असते. हे गृहस्थ सीटसाठी जादा पैसे मोजतात, पट्टा बांधतात, विमान वर चढलं की झडप खाली ओढतात आणि घोरू लागतात. पैसे भरलेत, तेव्हा झोपण्याचा त्यांना हक्क आहे, असं कुणी म्हणेल. आहेच, पण झोप मधल्या सीटवरही तेवढीच लागते, आणि तीही स्वस्तात. त्यांना टेकायला भिंतच हवी असेल, तर वर सांगितलेली ती बिनखिडकीची सीट जणू त्यांच्यासाठीच ठेवलेली आहे. तरीही खिडकीच हवी असेल, तर निदान कांचनजंगा येईल तेव्हा शेजाऱ्याने झडप वर करून खांद्यावरून मान घातली, तर कपाळाला आठ्या घालू नयेत.