पाच वाजता उठणाऱ्यांसाठी थाई

हे मार्गदर्शन ज्यांना थाई भाषेत आपला दिवस सांगायचा आहे त्यांच्यासाठी आहे. पट्टायाला जाऊन 'सवादी खाप' एवढ्यावर निभावून येणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. लिपीही तूर्तास बाजूला ठेवा. व्यंजनं ४४ आहेत, शब्दाशब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि आपले तर अजून दातही घासून व्हायचे आहेत.

धडा पहिला: क्रियापदं. उठणं म्हणजे 'तून'. यातला ऊ ओठांचा चंबू न करता, ओठ फाकवून म्हणायचा; आरशासमोर सराव करावा, घरच्यांसमोर करू नये. दात घासणं 'प्रॅङ फन'. आंघोळ करणं 'आप नाम'. बँकॉकमध्ये कुणी 'आप नाम' म्हणालं तर ते हिंदीतून तुमची ओळख विचारत नाहीत, आंघोळीबद्दल बोलत आहेत. आधी स्वतःचा शर्ट हुंगून बघा, मग 'माय नेम इज' सुरू करा. जेवणं 'किन खाव', शब्दशः भात खाणं, मग वाडग्यात नूडल्स का असेनात. काम करणं 'थम ङान'.

इथे मराठी विद्यार्थ्याने थोडं थांबावं. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'ङ' पिढ्यान्‌पिढ्या नुसता बसून आहे. त्याच्या चौकटीत धड चित्र नाही, वाङ्मय सोडलं तर त्याला कुणी बोलावत नाही. थायलंडात मात्र त्याला शब्दाच्या पहिल्याच जागेवर नेमणूक मिळाली आहे, आणि तीही 'काम' याच शब्दात! इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ या 'ङान'वर अडते. क-ख, त-थ, प-फ हा फरकही त्यांना महिनोन्‌महिने घोटावा लागतो. आपण तो बिगरीत गिरवलेला असतो. एवढी एकच शेखी मिरवायला मिळणार आहे, ती आत्ताच मिरवून घ्या.

धडा दुसरा: क्रियापदं चालवणं. चालवायची नाहीत. उठतो, उठते, उठलो, उठेन, उठायचो, सगळ्याला 'तून'. काम उरकलं असेल तर मागून 'लॅव' लावा, व्हायचं असेल तर आधी 'च'. बोलणारा बाप्या की बाई हे मराठीत क्रियापद सांगून टाकतं. थाईत ते वाक्याच्या शेपटीला कळतं: पुरुषांनी 'ख्राप', बायकांनी 'खा'. ही शेपटी बोलणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नव्हे. शिक्षिकेकडून शिकलेले पुरुष गुरुभक्तीच्या भरात 'खा' म्हणत सुटतात; मिशा असलेल्या माणसाने 'मी रोज आंघोळ करते' म्हटल्यावर आपण जसे बघू, तसं तिथले लोक बघतात. फक्त ते हसून बघतात.

धडा तिसरा: सूर. एकंदर पाच आहेत आणि वाट लागते ती इथे. जेवताना पंगतीत वाढप्याला 'बास!' म्हणताना आवाज वरून खाली येतो ना, त्या सुरात 'खाव' म्हटलं तर भात. सुरुवातीपासून खालच्या पट्टीत दबूनच म्हटलं तर बातमी. 'काऽय?' असं अविश्वासाने विचारताना आवाज जसा वर चढतो तसं म्हटलं तर पांढरा. तेव्हा 'मी सकाळी सातला भात खातो' असं सांगायला गेलेला माणूस 'सकाळी सातला बातमी खातो' असं सांगून येऊ शकतो. पेपर उघडल्याशिवाय चहा घशाखाली न उतरणाऱ्यांच्या बाबतीत ते खोटंही नाही.

धडा चौथा: घड्याळ. क्रियापदांनी जे कष्ट वाचवले ते सगळे इथे वसूल होतात. थाई बोलण्यात दिवसाचे चार तुकडे पडतात, सहा-सहा तासांचे. ते मोजणारे शब्द मात्र तीन. उत्तररात्री 'ती', म्हणजे ठोका मारणं. दिवसा 'मोंग', हा घंटेचा आवाज. रात्री 'थुम', हा नगाऱ्याचा. राजा चुलालोंगकोर्न यांनी १९०१ साली ही पद्धत राजपत्रात रीतसर समजावून सांगितली. राजाला समजावून सांगावी लागली म्हटल्यावर आपण किती मनाला लावून घ्यायचं ते ठरवा.

आता 'हा' म्हणजे पाच. तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगता की मी पाचला उठतो. कुठल्या पाचला? 'ती हा' म्हणजे पहाटेचे पाच, शाबास. 'हा मोंग येन' म्हणजे संध्याकाळचे पाच; तब्येत बरी आहे ना? 'हा थुम' म्हणजे रात्रीचे अकरा, कारण नगारे सातपासून मोजायचे. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना 'हा मोंग छाव' म्हणालात तर सकाळचे अकरा, कारण जुन्या हिशेबात सकाळचे तासही सातपासूनच सुरू होत. हल्लीची मंडळी अकराला सरळ अकरा मोंग म्हणतात. तरीही एकाच 'हा'मध्ये ब्राह्ममुहूर्तावर उठणारे, रविवारचे आळशी आणि रात्रपाळीचे रखवालदार असे सगळे बसतात. म्हणून नवशिक्याने आकड्याआधी शेजारचा शब्द पाठ करावा.

रेल्वेच्या उद्घोषणेत मात्र चोवीस तासांचं गणित असतं आणि तासाला 'नालिका' म्हणतात. ही आपल्या संस्कृतातल्या नाडिकेची बहीण. आपली नाडिका २४ मिनिटांची, तिची बहीण पूर्ण साठ मिनिटांची. दिवसातून दोनदा कुणाला वेळ विचारावीच लागत नाही: सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं. लुंफिनी बागेत घाम गाळत पळणारेही जागच्या जागी उभे राहतात. त्या वेळी दिनचर्येचा सराव करू नये, उभं राहावं.

धडा पाचवा: संभाषण. 'पाय नाय?' म्हणजे कुठे निघालात? आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारलं की आजी चपला काढून पुन्हा घरात बसायला लावते. तिथे हा नुसता रामराम आहे. पत्ता, कारण आणि परतायची वेळ सांगायला लागू नका. 'किन खाव रू यांग?', म्हणजे जेवलात का, हाही तसाच. जेवला असाल तर 'किन लॅव'. नसाल तर 'यांग', आणि मग मात्र समोरचा खरोखरच खायला घालण्याचा संभव आहे.

ऑफिसात उशिरा पोचल्यावर लागणारं वाक्य सर्वांत सोपं: 'रोत तित', गाड्या अडकल्या. बँकॉकमध्ये यावर कुणी पुरावा मागत नाही. खरंच अडकला असाल तर पुढे 'माक' जोडा, म्हणजे फारच. घरीच झोपला होतात तरीही जोडा.