शेवट असलेल्या मालिका

मराठी दूरचित्रवाणीवरच्या मालिका दोन प्रकारे थांबतात. काही संपतात, उरलेल्या बंद होतात. पहिल्या प्रकारात गोष्ट पूर्ण झाली म्हणून प्रक्षेपण थांबते. दुसऱ्या प्रकारात प्रक्षेपण थांबायचे ठरले म्हणून गोष्ट घाईघाईने पूर्ण करतात. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहावी अशी शिफारस करायची झाल्यास ती पहिल्या प्रकारातूनच करावी लागते, त्यामुळे यादी आखूड राहते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही सोयच आहे, कारण दुसरी यादी हाती घ्यायला निवृत्तिवेतन सुरू झालेले असावे लागते.

मालिकेला शेवट असावा ही कल्पना मुळात सरकारी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कथा आधीच लिहून झालेल्या होत्या आणि लेखकाचे 1963 मध्येच निधन झाले होते, त्यामुळे ‘हा ट्रॅक जरा वाढवा’ असे सांगायचे कोणाला, हा प्रश्न होता. पुढे प्रायोजित मालिकांचा काळ आला तेव्हा मंजुरी 13 भागांच्या हिशेबात मिळू लागली, कारण तिमाहीत आठवडे 13 असतात. निर्मात्याने फार तर 26, 39 किंवा 52 भाग मागावेत आणि तेवढ्यात गोष्ट आवरावी, असा रिवाज पडला. लालफितीने कलेवर उपकार केल्याची उदाहरणे थोडी असली तरी हे त्यांतले ठळक आहे. श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’मध्ये सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा इतिहास 53 भागांत बसवला. आजच्या कौटुंबिक मालिकेत 53 भागांत साखरपुड्याचा मुहूर्तही निघत नाही.

या काळातही मुदतवाढ होत असे, पण ती कष्टाने मिळवावी लागे. ‘रामायण’ 52 भागांचे ठरले होते, ते 78 भागांवर गेले. 1988 मध्ये ते संपले, तेव्हा लव-कुशांची कथाही दाखवावी म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे ‘उत्तर रामायण’ आले. मालिका वाढवण्यासाठी संप करावा लागावा, इतकी ती गोष्ट तेव्हा दुर्मिळ होती.

1999 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, तिचीच पुढे झी मराठी झाली. खासगी वाहिन्यांवर आठवड्यातून एकदा भेटणारी मालिका हळूहळू आठवड्यातले पाच-सहा, कधी सातही दिवस भेटू लागली. तिची लांबी ठरवण्याचे काम सरकारकडून टीआरपीकडे गेले. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्यांचे आकडे दर गुरुवारी जाहीर होतात. गुरुवारी आकडा येतो, शुक्रवारी वाहिनीत बैठक होते आणि सोमवारी एखाद्या पात्राला चक्कर येते. नियम साधा आहे. आकडे पडले तर मालिका बंद होते, आकडे चढले तर ती लांबते. म्हणजे वाईट मालिकेला देहदंड आणि चांगल्या मालिकेला जन्मठेप. बहुतेक चांगल्या मालिका शेवटपर्यंत पाहण्याजोग्या का उरत नाहीत, याचे सगळे उत्तर या नियमात आहे. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या लोकांना आवडल्या.

पंगत वाढली की आमटीत पाणी वाढते, तशी लांबवलेली गोष्ट पातळ करण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. पहिली रीत कालविस्ताराची. ‘होणार सून मी ह्या घरची’ (2013-2016) या मालिकेतल्या जान्हवीचे बाळंतपण इतके लांबले की त्यावरच्या विनोदांनी महाराष्ट्रातले व्हॉट्सअॅप गट व्यापले. घरात सहा सासवा असूनही कोणी महिने मोजले नाहीत. दुसरी रीत सणांची. संक्रांत, वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांना एकेक आठवडा दिला की दीड महिना कथेविना सुटतो, आणि कथेची उणीव कोणाला जाणवली नाही तर पुढच्या वर्षी दोन आठवडे देता येतात. तिसरी रीत चेहऱ्यांची. दिवाणखान्यात कोणी एक वाक्य बोलले की ते ऐकणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला जातो. यामुळे एकत्र कुटुंबपद्धती समाजातून नाहीशी झाली तरी मालिकांत टिकून आहे, कारण चौकोनी कुटुंबात चेहरे पुरत नाहीत.

चौथी रीत बदलीची. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (2016-2021) मध्ये गुरुनाथ या नवऱ्याची प्रेयसी शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली आणि पुन्हा रसिका सुनील झाली. गुरुनाथला यातला एकही बदल लक्षात आला नाही. बायकोकडेही त्याचे तेवढेच लक्ष असल्याने हे त्याच्या स्वभावाला धरूनच म्हणावे लागेल. पाचवी रीत ‘लीप’ची. पडद्यावर ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी येते, मुले मोठी होतात, आईवडिलांच्या कानशिलांवर चुना फासल्यासारखे केस पांढरे होतात, आणि सासू मात्र आहे त्याच वयाची राहते.

या सर्व रीतींचा एकत्रित परिणाम पाहायचा असेल तर ‘चार दिवस सासूचे’चा अभ्यास करावा. ई टीव्ही मराठीवर 2001 ते 2013 या काळात तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एक भाग 20 मिनिटांचा धरला तरी हे हजार तास होतात. नावाप्रमाणे चार दिवसांत ती पाहायची तर दिवस अडीचशे तासांचा लागेल. सासू झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’ या चित्रपटात कस्तुरबांची भूमिका केली होती आणि तिच्यासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला होता. कस्तुरबांसकट गांधीजींचे जीवनकार्य त्या चित्रपटात तीन तास अकरा मिनिटांत मावले. मालिकेतल्या देशमुखांच्या घरातला प्रश्न स्वातंत्र्यलढ्यापेक्षा गुंतागुंतीचा होता, हे यावरून सिद्ध होते.

बंद होणारी मालिका तिच्या लक्षणांवरून ओळखता येते. आधी तिची वेळ बदलते. रात्री आठची मालिका साडेदहाला जाते, तिथून दुपारी. मग तिच्याच वेळेवर दुसऱ्या मालिकेचा प्रोमो दिसू लागतो. त्यानंतर खलनायिकेला पश्चात्ताप होतो. चार वर्षे जेवणात विष कालवणारी ही बाई चार भागांत सुधारते आणि घरची मंडळीही तिला तेवढ्याच वेगाने क्षमा करतात, कारण सेटचे भाडे महिनाअखेरपर्यंतच भरलेले असते. शेवटच्या भागात लग्न, बारसे किंवा सत्यनारायण यांपैकी एक असतो. ज्या पात्रांना लेखक मधल्या काळात विसरला होता तीही प्रसादाला येतात. अशी मालिका शेवटपर्यंत पाहण्याची शिफारस करता येत नाही, पण तिचा शेवटचा आठवडा तेवढा पाहिला तरी सर्व काही समजते.

शिफारस करण्याजोग्या मालिकांत पहिले स्थान ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ला द्यावे लागते. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2001 ते 2004 या काळात आठवड्यातून एकदा दिसत असे. आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे एवढ्या पाच माणसांवर ती चालली. स्मृतिभ्रंश व्हावा अशा वयाचे आबा घरात असूनही कोणाची स्मृती गेली नाही. सून झालेल्या शुभांगी गोखले यांनी सासऱ्यांविरुद्ध एकही कट रचला नाही. मध्यमवर्गीय घरात जेवढे घडते तेवढेच घडूनही मालिका रंगते, हे तिने दाखवून दिले. वाहिन्यांनी ते शास्त्रीय कुतूहलाची वस्तू म्हणून जपून ठेवले आणि प्रयोग पुन्हा केला नाही.

सतीश राजवाडे यांची ‘असंभव’ (2007-2009) ही पुनर्जन्माची रहस्यकथा आहे. रोज दिसणाऱ्या मालिकेतही गाठ बांधताना ती कशी सोडवायची हे ठाऊक असू शकते, याचा ती पुरावा मानली जाते. मालिका चालू असताना शुभ्राच्या भूमिकेत मानसी साळवी यांच्या जागी ऊर्मिला कानेटकर आल्या. गोष्टच पुनर्जन्माची असल्याने तक्रार करायला प्रेक्षकाला जागा उरली नाही. त्याच दिग्दर्शकाची ‘अग्निहोत्र’ ही स्टार प्रवाहच्या सुरुवातीच्या काळातली मालिका. एक वाडा, एक घराणे आणि पिढ्यांमागे दडलेले गुपित असा तिचा ऐवज आहे. विनय आपटे, मोहन जोशी, मोहन आगाशे अशी नटमंडळी एकाच वाड्यात असूनही त्यांना बोलायला वाक्ये दिलेली आहेत, नुसते चेहऱ्याने दचकायला लावलेले नाही. या कारणासाठीच ती पाहावी.

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांची राधा आणि घना घरच्यांच्या समाधानापुरते लग्न करतात आणि नंतर खरोखरच प्रेमात पडतात. एवढ्या गोष्टीला जेवढा वेळ लागावा तेवढाच लागला. मालिका लोकप्रिय असताना थांबल्याने वाहिनीला चुटपुट लागली असावी, कारण वर्षभरात ‘तिसरी गोष्ट’ आली. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (2015-2016) मध्ये सहा तरुण मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहतात. फ्लॅटमध्ये सासू नसल्याने मालिकेचा शेवट एका वर्षाच्या आत शक्य झाला. झी युवावरची ‘रुद्रम’ (2017) तर काही महिन्यांतच पूर्ण झाली. अपघातात नवरा आणि मूल गमावलेली स्त्री त्या अपघातामागची माणसे शोधत जाते, ही तिची कथा. मुक्ता बर्वे यांच्या रागिणीला सूड घ्यायचा असल्याने मंगळागौर खेळायला सवड मिळाली नाही. कथेला दिशा असली की सणांचे आठवडे आपोआप वाचतात, हा या मालिकेचा धडा आहे.

यादीचा उपयोग करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. मालिका संपली आहे हे प्रमाणपत्र तात्पुरते असते. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. दुसऱ्या पर्वासाठी काळ मागे नेऊन अण्णांना जिवंत करण्यात आले, आणि ते पुन्हा मेल्यावर तिसऱ्या पर्वात त्यांना भूत म्हणून कामावर घेण्यात आले. मृत्यू हे निवृत्तीचे कारण होऊ शकत नाही, हा नियम तेव्हापासून रूढ आहे. हिंदीत तो अधिक कडक आहे. ‘सीआयडी’ने 1998 ते 2018 अशी वीस वर्षे दारे फोडल्यावर विश्रांती घेतली, ती 2024 च्या डिसेंबरमध्ये संपली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ 1,833 भागांनंतर 2008 मध्ये थांबली होती. 2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या खेपेच्या प्रेक्षक सुना स्वतः सासवा झालेल्या होत्या. उलट इंग्लंडच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 आणि 1979 मिळून बाराच भाग झाले. आठवड्याला सहा भागांच्या मराठी हिशेबाने ही दोन आठवड्यांची मालिका ठरते, आणि तेवढ्या अवधीत इकडे जिन्यावरून पडलेली नायिका खालच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही.

शेवटी प्रेक्षकाच्या कर्तव्याचा विचार करावा लागतो. चांगली मालिका लांबते ती तिला पाहणाऱ्यांमुळे. त्यामुळे ती चालू असताना न पाहणे हाच तिच्यावरच्या खऱ्या प्रेमाचा पुरावा होय. मात्र सर्वांनीच हे व्रत घेतल्यास आकडे पडतील, मालिका बंद होईल आणि खलनायिकेला चार भागांत सुधारावे लागेल. म्हणजे मालिका वाचवायला तिला थोड्यांनीच पाहावे लागते, आणि ते थोडे कोण हे ठरवण्याची सोय नाही. व्यवहारात हा पेच मीटरने सोडवला आहे. आकडा फक्त मीटर असलेल्या घरांचा मोजला जातो आणि ती घरे कोणती हे गुप्त ठेवतात. बाकीच्या सर्व घरांनी काहीही पाहिले, पाहून नावे ठेवली किंवा टीव्ही बंद करून जेवून घेतले, तरी कोणत्याही मालिकेच्या आयुष्यात एका भागाचाही फरक पडत नाही. त्यांनी वर दिलेली यादी निर्धास्तपणे वापरावी. सध्या चालू असलेल्या मालिकांचा समावेश या यादीत करता आलेला नाही. त्या संपल्यावर त्यांचा विचार होईल. तो करणारी पिढी अजून शाळेत आहे.