सिंफनी राइट टाइम

मनमाडात रिटायर्ड रेल्वेवाल्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन कुठली गाडी किती लेट आहे ते बघतो आणि घरी येऊन रेल्वे बुडाल्याचं जाहीर करतो. दुसरा प्रकार दुर्मिळ. त्याला नोकरीत असताना कुठल्यातरी रनिंग रूममध्ये, कुणाच्यातरी ट्रान्झिस्टरवर बीथोव्हन चावलेला असतो. आमचे गार्डसाहेब या दुसऱ्यांतले. (2022 साली रेल्वेने गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. साहेब त्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे ते कायमचे गार्ड.)

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम लागला आणि त्यात पाहुणा कंडक्टर नि पियानोचा सोलोइस्ट असला, की साहेब पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस धरतात. 260 किलोमीटर. हा ऑर्केस्ट्रा 2006 साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी उभा केला, तेव्हा बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले. साहेबांना त्याचं नवल नाही. “स्टाफ शॉर्टेज कुठे नाही?” म्हणतात.

कंडक्टर हा आपलाच भाऊबंद, अशी त्यांची पक्की समजूत आहे. सगळा आवाज दुसऱ्यांनी करायचा, याने एकही सूर काढायचा नाही, पण याचा हात हलल्याशिवाय काही सुटायचं नाही. पाहुण्या कंडक्टरबद्दल तर त्यांना खास आदर. “दुसऱ्याच्या डिव्हिजनात गाडी न्यायची म्हणजे थट्टा आहे? आणि रोड लर्निंगला, म्हणजे रस्ता ओळखून घ्यायला, मिळतात दोन-चार दिवस!” इगतपुरीला मुंबई डिव्हिजन संपून भुसावळ सुरू होतं, तिथे काय काय होतं ते मग ऐकावं लागतं.

सोलोइस्ट म्हणजे अर्थातच ड्रायव्हर. दोघांचं पटलं नाही तर? साहेबांकडे दाखला तयार असतो. 6 एप्रिल 1962 ला न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो सुरू होण्याआधी कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइनने श्रोत्यांना सरळ सांगून टाकलं, की पियानिस्ट ग्लेन गूल्डचं हे वाजवणं मला मान्य नाही. आणि मग निमूटपणे त्याची साथ केली. “बरोबर केलं! ड्रायव्हर ऐकत नाही म्हणून गार्डने गाडी सोडायची नसते. मेमो द्यायचा. त्याने मेमो दिला.”

थिएटरात त्यांच्या शेजारी बसणं सोपं नाही. ओबोने सूर दिला आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याला मिळवून घेऊ लागला, की ते घड्याळ बघून प्रोग्रॅमच्या कागदावर वेळ टिपतात. चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोचा पहिला भाग असा दणक्यात संपतो, की अर्धं थिएटर टाळ्या वाजवतं. साहेब मागे वळून बघतात. “इगतपुरीला गाडी थांबली म्हणून कुणी सामान उतरवतं का?” एकदा एका पारशी बाईंनी त्यांनाच गप्प बसवलं. तो दिवस आम्हा सर्वांना आवडला.

त्यांचं सगळ्यात लाडकं दैवत संगीतकार द्वोर्झाक. हा माणूस प्रागच्या स्टेशनावर जाऊन इंजिनांचे नंबर टिपायचा. म्हणजे दोन्ही प्रकारचे रेल्वेवाले एकाच कोटात! त्याखालोखाल ओनेगेर, कारण त्याने 1923 साली वाफेच्या इंजिनावर ‘पॅसिफिक 231’ लिहिलं. फ्रेंच लोक आस मोजतात म्हणून 231, आपण चाकं मोजतो म्हणून 4-6-2, हे साहेब इंटरव्हलमध्ये सँडविचच्या रांगेत अनोळखी माणसांनाही समजावतात.

आता खरं दुखणं. कार्यक्रम सातला, आणि परतीची पंचवटी त्याआधीच गेलेली. म्हणून साहेबांची भिस्त रात्री नवानंतर सुटणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसवर. कॉन्चेर्टो असतो इंटरव्हलच्या आधी, सिंफनी नंतर. त्यामुळे लोक “वन्स मोअर”च्या उत्साहात सोलोइस्टला पुन्हापुन्हा बाहेर बोलावतात, तेव्हा साहेब हात बांधून बसतात. त्याने शोपँची पाच मिनिटं वाजवली की ती सिंफनीच्या शेपटातून कापली जाणार! “टाइमटेबलात नसलेला हॉल्ट,” एवढंच बोलतात.

मालेरच्या सिंफनीचा शेवट त्यांनी थिएटरात एकदाही ऐकलेला नाही. मालेर लांबतो म्हणून त्यांची तक्रार मात्र नाही. मनमाडात नळाच्या पाण्याची पंधरा-पंधरा दिवस वाट बघितलेल्या माणसाला कुठलाही संथ भाग लांब वाटत नाही. वहिनी विचारतात, “एवढं तिकीट काढून शेवट न ऐकता कसे येता हो?” साहेब म्हणतात, “शेवट कॅसेटवर आहे. देवगिरी कॅसेटवर मिळत नाही.”

तेव्हा एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात पावणेनऊच्या सुमारास, ऐन रंगात आलेल्या सिंफनीतून कुणी म्हातारा कापडी पिशवी छातीशी धरून उठला, तर त्याला अरसिक म्हणू नका. पाय आत घ्या आणि लाइन क्लिअर द्या.