बठ्ठं बरं शे

आमच्या आजोबांना, म्हणजे आप्पांना, दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागे. फौजेची पेन्शन चालू ठेवायची तर हयातीचा दाखला हवाच. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की काम भागायचं. आप्पा तर तिथंही सावधानमध्ये उभे राहात, त्यामुळे साहेबालाच उठावंसं वाटे. पुढे 2014 नंतर अंगठ्याचं यंत्र आलं आणि आप्पा वांध्यात आले. उजवा अंगठा काही केल्या लागेना. पोरगेल्या कारकुनानं तो पुसून पाहिला, दाबून पाहिला. यंत्राचं आपलं एकच, हा इसम नाही.

"पाकिस्तानला जमलं नाही ते ह्या डबीनं केलं," आप्पा म्हणाले. शेवटी डोळा दाखवून जिवंत झाले.

त्या अंगठ्यावर एक पांढरी चीर होती, नखापासून थेट मनगटाच्या दिशेनं गेलेली. लहानपणी विचारलं तर म्हणायचे, विळा लागला. पुढे पुढे म्हणायचे, मिरचीचे देठ खुडून खुडून अंगठा झिजला. आम्हाला दोन्ही पटायचं. नंदुरबारात मिरचीवर काहीही ढकललं तरी खपतं. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवरून वारा फिरला की अख्खं गाव एका सुरात शिंकतं. निवृत्तीनंतर आप्पा अशाच एका पथारीवर राखणीला होते. जमिनीवर लालभडक मिरची अंथरलेली, कडेला खाटेवर आप्पा, नजर आभाळाकडे. अवकाळीचा एक ढग दिसला तरी शिट्टी वाजवून मजुरांना 'फॉलिन' करायचे. ताडपत्र्या कुठल्या क्रमानं ओढायच्या याची त्यांनी चक्क कवायत बसवली होती. व्यापारी हसायचे, पण त्यांच्या पथारीवरची मिरची भिजायची नाही.

लढाईचं मात्र बोलत नसत. बेळगावच्या ट्रेनिंगमधली आमटी, ओले बूट, बिहारी न्हाव्यानं केलेली हजामत, यांवर तासन्‌तास. 1971 म्हटलं की एकच गोष्ट. ते पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जंगी पलटणीत. डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला वेढा पडला होता. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली. पाकिस्तानच्या कर्नल सुलतान महमूद यांनी उत्तर दिलं आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. "असं उत्तर आलं की वाचून दाखवायला माणूस लागत नाही," एवढं बोलून आप्पा बिडी पेटवायचे.

"पुढं काय झालं?"

"पुढं झोप आली."

पुढे काय झालं ते मी मोठा झाल्यावर पुस्तकात वाचलं. 10 डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटायला ती फौज मराठ्यांच्या मोर्चावर चालून आली होती. त्या रात्री कुणाला झोप आली असेल असं वाटत नाही.

कॅन्टीनची रम हा घरातला नाजूक विषय. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांची नव्हती, गुडघ्याची होती. गुडघ्याला मात्र ती तोंडावाटे लागे. आत्या सुरतेला दिलेली. तिकडे दारूबंदी, म्हणून जाताना बाटली घरी राहायची. वाटेत नवापूर लागतं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याचेही दोन राज्यांत दोन भाग झालेत. गाडी तिथून हलली की आप्पा मांडी चोळत म्हणायचे, "गुडघा गुजरातेत गेला. आता दुखू दे."

बाजाराला गेले की माणिक चौकात शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबायचे, टोपी काढायचे. 9 सप्टेंबर 1942 ला तिथं तो पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीनं गेले. मी एकदा म्हटलं, आप्पा, तुम्ही तर खरेखुरे लढलात. ते म्हणाले, "आपल्या हातात बंदूक होती. त्याच्या हातात झेंडा होता." आणि लगेच लसणाचा भाव विचारायला लागले.

नुकतेच ते गेले. दहाव्यानंतर त्यांची काळी ट्रंक उघडली. आजीला आलेली पत्रं सुतळीनं बांधलेली, मागे '56 एपीओ' हा फौजी पत्ता लिहिलेला. सगळी एकाच साच्याची. मी खुशाल आहे, बैलाला जपा, मीरची वाळली का, आणि शेवटी अहिराणीत, बठ्ठं बरं शे, म्हणजे सगळं बरं आहे. मिरचीची वेलांटी आयुष्यभर दीर्घ. डिसेंबर 71 चं पत्रही तसंच, दोनच ओळी जास्त. पण अक्षर गोलसर, सुबक, आणि मिरची ऱ्हस्व.

मी पत्र आजीसमोर धरलं. ती चौथी शिकलेली.

"हे त्यांचं अक्षर नाही, आजी."

"माहीत आहे. तेव्हाच कळलं. म्हटलं, ह्या माणसाला एका महिन्यात शुद्धलेखन कोणी शिकवलं? मग समजलं, लिहिणारा हात दुसऱ्याचा आहे."

"मग सुट्टीवर आले तेव्हा विचारलं नाहीस?"

आजीनं पत्र घडीवर घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

"काय इचारू? बठ्ठं बरं शे, लिखेल व्हतं ना."