बघाच, पण...

विज्ञानकथा-फँटसीच्या मालिका सुचवणारी मंडळी नावाआधी अटी सांगतात. ‘बॅबिलॉन 5’चा पहिला सीझन सोसा, पुढे स्वर्ग आहे म्हणे, सीझन म्हणजे 22 भाग, हे मात्र हळूच. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघाच, फक्त आठव्या सीझनआधी उठा. जर्मन ‘डार्क’ला वही-पेन घेऊन बसा, कोण कोणाची आई, हे तिथल्या पात्रांनाही उशिराच कळतं. सगळ्यांत भाविक ‘फायरफ्लाय’वाले. 2002 मध्ये फॉक्स वाहिनीने ती भागांचा क्रम उलटासुलटा करून दाखवली आणि 14 पैकी 11 भागांवर गुंडाळली. तेवढ्या पुण्याईवर हे लोक अजून तिचं श्राद्ध घालतात. वर पंगतीला आग्रह आपल्याला!