मोमोएनं माइक खाली ठेवला

अहो, ऐकलंत का? त्या जपानी गायिकेचं, यामागुची मोमोएचं म्हणतेय मी. जपानात तिचं नाव काढलं की अजून म्हातारे हळवे होतात. पण गीतकार आकू यूनं तिला काय सुनावलं होतं, ठाऊक आहे?

१९७२ सालची 'स्टार तान्जो!' हो, टीव्हीवरची ती गाण्याची ऑडिशन. योकोसुकात वाढलेली तेरा वर्षांची पोर, ना खुदकन हसणं ना लाडीगोडी. परीक्षकांत हा आकू यू, केवढा नावाजलेला! तो म्हणतो कसा, मालिकेत कुणाची धाकटी बहीण म्हणून चालशील, गाण्याचा नाद मात्र सोड. तोंडावर हो! आणि पुढे ही एवढी गाजली, पण त्यानं लिहिलेलं गाणं काही तिच्या वाट्याला आलं नाही. कोणी म्हणतं योगायोग. असेल बाई...

तर काय सांगत होते, १९७३ मध्ये पहिली रेकॉर्ड आली ती जेमतेमच चालली. दुसऱ्या गाण्याचे शब्द मात्र असे, की ऐकणाऱ्यानं इकडेतिकडे बघावं. चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडी! आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. लोक नावं ठेवत होते आणि रेकॉर्डी घेत होते.

मला आवडलं ते त्याच्या पुढचं. हिनं स्वतःच सांगितलं, मला उझाकी र्‍यूदोची गाणी हवीत. अहो, तो काळ्या गॉगलचा रॉकवाला! पण त्याच्या चाली, त्याच्या बायकोचे, आकी योकोचे शब्द, आणि १९७६ चं 'योकोसुका स्टोरी' हे गाणं... पोर एकदम मोठीच झाली. मग 'प्लेबॅक पार्ट टू' हे गाणं. त्यात लाल पोर्श आहे ना, तर एनएचके या सार्वजनिक वाहिनीचं सगळं सोवळ्यातलं, फुकट जाहिरात नको! तिथे पोर्शची साधी गाडी झाली.

बरं, तिच्या सिनेमातल्या जोडीदाराचं, मिउरा तोमोकाझुचं राहिलंच की. आधी एका जाहिरातीत दोघं भेटली, मग १९७४ मध्ये 'इझू नो ओदोरिको' हा सिनेमा, कावाबाता या लेखकाच्या कथेवरचा. मिउरा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. पुढे एकामागून एक सिनेमे, जोडी तीच. आता रोज पडद्यावर प्रेम करायचं म्हटल्यावर... तुम्हीच सांगा! १९७९ मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमात हिनं भर स्टेजवरून सांगून टाकलं, माझं मिउरांवर प्रेम आहे. चाहत्या पोरांचे चेहरे कसे उतरले असतील, डोळ्यांसमोर आणा जरा.

आणि लगेच पुढच्या मार्चमध्ये दुसरा धक्का, लग्न करणार आणि काम कायमचं बंद. ५ ऑक्टोबर १९८०, बुदोकान सभागृह खचाखच. पांढरा पोशाख, शेवटचं गाणं, माइक स्टेजवर ठेवला आणि गेली. वय एकवीस! नोव्हेंबरात लग्नही लागलं.

काय काय बोलले लोक! एवढी कमावती बाई चुलीपाशी जाऊन बसली म्हणे. अहो, तेराव्या वर्षी सांगितलं गाऊ नकोस, एकविसाव्या वर्षी म्हणाले थांबू नकोस. तिनं दोन्ही वेळा आपलंच खरं केलं, तर ह्यांच्या पोटात का दुखावं? मासिकवाले किती वर्षं दाराशी घुटमळले, बाई बधली नाही. बाकीच्यांचं बघा, निरोपाचे हार सुकायच्या आत 'कमबॅक' असतो.

मुलं दोन. धाकटा नट, थोरला गायक. त्या थोरल्यानं आईच्याच गाण्यांचा अल्बम काढला. आई मात्र गोधड्या शिवतेय, त्यांचंच २०१९ मध्ये पुस्तक आलं. गाण्याचा एक सूर नाही त्यात, नुसते तुकडे न् टाके, तरी लोकांच्या उड्या! आता बोला!