झाडं तर आलीयत!

हिरवा रंग झाडाचा असतो, हा समज फिल्मवर बाग टिपायला घेतली की फार काळ टिकत नाही. हिरवा कसा दिसावा, हे फिल्म बनवणारी कंपनी ठरवते. फुजीची वेल्विया 1990 साली बाजारात आली, तेव्हापासून तिला प्रत्येक पान नुकतंच पावसात न्हाल्यासारखं दिसतं. भर वैशाखातलं लॉनसुद्धा. कोडॅक गोल्ड 200 स्वभावानं वेगळी. ती हिरव्यात हळूच पिवळा कालवते आणि पानापानाला उतरत्या उन्हात उभं करते. दिवाणखान्यातल्या मोकळ्या भिंतीसाठी मी गोल्डच्या बाजूचा होतो. सौ. पडद्यांच्या बाजूच्या होत्या. पडदे पोपटी आहेत.

बाग ठरली पुण्यातली एम्प्रेस गार्डन. तिथले जुने वृक्ष आणि त्यांच्यावर चढलेल्या अवाढव्य वेली भिंतीवर याव्यात, असं मनात होतं. पण ती सावली इतकी गर्द की जवळच्या वेलीपासून लांबच्या झाडापर्यंत सगळं रेखीव हवं म्हणून एफ-16 लावलं, तर शटर पाव सेकंद उघडं राहतं. पाव सेकंद आपल्याला काहीच नाही. पानाला डोलायला रग्गड. शिवाय रोल 36 फोटोंचा आणि त्याची किंमत अशी, की बोट बटणावर ठेवताना खिसा चाचपावासा वाटतो. म्हणून तिवईशेजारी वारा पडायची वाट बघत उभा होतो. फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

"नवरानवरी यायचीयत का अजून?"

"नाही, झाडांचेच काढतोय."

"मग थांबलात कशाला? झाडं तर आलीयत!"

रोल धुताना डेव्हलपर सुमारे 38 अंशांवर ठेवून सव्वातीन मिनिटं मोजावी लागतात. एवढ्या शिस्तीतून पार पडलेली माझी बाग लॅबवाल्याच्या संगणकावर गेली आणि तिथे त्याचंही मत निघालं. "जरा डल होतं साहेब, ग्रीन वाढवून दिलंय." पडदे जिंकले.

मूळ निगेटिव्ह 24 बाय 36 मिलिमीटरची. ती 20 बाय 30 इंचांवर नेली की लांबी-रुंदी एकवीसपट होते आणि फिल्मचे दाणे उघड्यावर येतात. मला ते दाणे फार आवडतात. फ्रेमवाल्यानं मात्र फडक्यानं दोनदा पुसून पाहिले. त्याच्या दुकानात एकतर देव येतात, नाहीतर देवाघरी गेलेले. त्यामुळे त्यानं सवयीनं विचारलं, "हाराला वर खिळा ठेवू ना?"

खरा घोळ काचेनं घातला. गडद फोटोवर साधी काच बसवली की समोरचं सगळं तिच्यात उमटतं. आमच्या बागेत ऐन वेलींमध्ये पंखा फिरतो, उजवीकडच्या झाडीत ट्यूबलाइट लागते आणि रात्री साडेआठला खोडाखोडांमधून मालिकेतली सासू चालत येते. बिनचकाकीची काच मिळते. तिचा भाव ऐकून आम्ही सासू चालवून घेतली.

परवा शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मी वेल्विया की गोल्ड हे सांगायच्या तयारीत. काकूंनी सावलीचा सगळ्यात गर्द भाग शोधला, टिकली सरळ केली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. फक्त जरा खाली लावायला हवं होतं."